साडेछप्पन सेंटिमीटर

१८ ऑगस्ट २०२४, रविवार, सकाळचे पावणेआठ. पौडहून परत येताना पिरंगुटचा घाट चढून झाला आणि भुकूमच्या बाजूचा उतार लागला. पाऊस नुकताच थांबलेला. एका वळणावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी ओल्या डांबरावर पसरली होती. ती दिसली तेव्हा ब्रेक दाबण्यात अर्थ नव्हता, तरी मी दाबलाच. पुढचं चाक निसटलं आणि मी उजव्या अंगावर आडवी झाले. वेग ताशी पंचवीसच्या आसपास असावा. डोकं आपटल्याचा आवाज कानांनी नाही, आतून ऐकू आला. नारळ पहिल्या फटक्यात फुटत नाही तेव्हा येतो, तसा.

जवळच्या टपरीवाल्याने धावत येऊन आधी सायकल उचलली, मग मला पाणी दिलं. कोपर सोलवटलेलं, मांडीला मुका मार, डोक्याला काही नाही. नवरा गाडी घेऊन येईपर्यंत मी त्या बाकड्यावर बसून हेल्मेट मांडीवर घेऊन बघत होते. वरून एक ओरखडा, बस. २०१७ मध्ये तेराशे रुपयांना घेतलेलं काळं हेल्मेट. मनात आलं, अजून चालेल की.

दवाखान्यात तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डोक्याचा सीटी स्कॅन, असे मिळून ५,४०० रुपये झाले. स्कॅन स्वच्छ होता. चोवीस तास घरच्यांनी लक्ष ठेवायचं, उलटी झाली, झापड आली किंवा डोकेदुखी वाढली तर लगेच परत यायचं आणि दोन आठवडे सायकलला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाता जाता त्यांनी हेल्मेट मागितलं, आतले स्पंजाचे तुकडे वेलक्रोवरून टराटरा सोलले आणि माझ्यासमोर धरलं. उजव्या कानशिलाच्या वर, केसाएवढी बारीक, बोटभर लांब चीर. "हे आता टोपी झालं," म्हणाले.

मेडिक्लेमचं थोडक्यात सांगते, कारण मी त्यात अकरा दिवस घालवले. फॉर्म, बिलं, केसपेपर, रद्द केलेला चेक, सगळं जोडून पाठवलं. उत्तर आलं की रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता, म्हणून हा ओपीडीचा खर्च आणि तुमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. हे पॉलिसीत लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. बँकेत नोकरी करून ही गत!

आता प्रश्न नव्या हेल्मेटचा. २० ऑक्टोबरच्या २०० किलोमीटरच्या बीआरएमला मी जुलैमध्येच नाव दिलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी; ही शर्यत नसते, साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं असतं. पण सुटण्याआधी सायकलची तपासणी होते, आणि पुढचा दिवा, मागचा दिवा, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट यांतलं एक जरी नसलं तरी सुटू देत नाहीत. हातात नऊ आठवडे होते. मला वाटलं, हेल्मेट घ्यायला किती वेळ लागतो?

पहिला सल्ला घरातून आला. नवऱ्याने स्कूटरचं आयएसआयवालं हेल्मेट पुढे केलं. गंमत म्हणजे पुण्यात हेल्मेटसक्ती हा शब्द उच्चारला की मोर्चे निघतात. २०१९ च्या जानेवारीत निघाले त्यांत आमचे दोन शेजारीही होते, आणि आमचा नवरा त्यांना मनातून पाठिंबा देणारा. ते असो. स्कूटरच्या हेल्मेटला लागणारं मानक आयएस ४१५१, ते स्वयंचलित दुचाकीसाठी आहे. एक किलोच्या पुढेमागे वजन, वारा आत येत नाही, मागून येणारी गाडी नीट ऐकू येत नाही. चढावर ताशी दहाच्या वेगाने दमछाक करत जाणाऱ्या माणसासाठी ते बनवलेलंच नाही. आणि सायकलस्वाराला हेल्मेट घालायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम सायकलला लागू होत नाही. म्हणजे सायकलचं हेल्मेट घेताना बघायचा शिक्का वेगळा: युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी. आतल्या बाजूला स्टिकर असतो. तो नसेल तर हेल्मेट कितीही देखणं असलं तरी खाली ठेवा.

सक्तीची दोन आठवड्यांची विश्रांती असल्याने मी वाचत बसले. हेल्मेटच्या आत जे पांढरं किंवा काळं असतं ते थर्माकोल, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. गणपतीच्या मखरातून २०१८ मध्ये हद्दपार झालं तेच, फक्त जास्त घट्ट दाबलेलं. त्याचं काम एकदाच चिरडून जायचं. आपटल्यावर डोकं एका क्षणात थांबण्याऐवजी त्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये थांबतं, आणि तेवढ्याने मेंदूवरचा धक्का पुष्कळ कमी होतो. चिरडलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाद, मग वरून कितीही चकचकीत दिसो.

दुसरी गोष्ट वाचून जरा गारच पडले. ईएन १०७८ च्या चाचणीत आतमध्ये धातूचं डोकं घातलेलं हेल्मेट सपाट लोखंडावर साधारण दीड मीटरवरून सोडतात. आदळताना वेग असतो सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सीपीएससीमध्ये उंची दोन मीटर, वेग ताशी बावीसच्या आसपास. म्हणजे मी जशी पडले तसं पडण्यासाठी, आपल्याच उंचीवरून रस्त्यावर आदळण्यासाठी ही वस्तू आहे. ज्या डंपरने खडी सांडली, त्या डंपरपासून ती वाचवत नाही. हे कळल्यापासून मी मागच्या गाड्या बघण्याचा छोटा आरसा हँडलला लावला आहे, दोनशे रुपयांचा.

तिसरी गोष्ट, मिप्स. आतला पिवळसर, पातळ थर. माणूस क्वचितच सरळ टाळूवर पडतो, बहुतेक वेळा तिरका, आणि मग डोकं गर्रकन फिरतं. मेंदूला हे फिरणं फार बाधतं. मिप्सचा थर हेल्मेटच्या आत दहा ते पंधरा मिलिमीटर सरकतो आणि त्या फिरण्यातला काही भाग स्वतःवर घेतो. स्वीडनमधल्या एका न्यूरोसर्जनच्या आणि संशोधकांच्या कामातून हे निघालं. असा थर किंवा त्याच्यासारखी दुसरी काही व्यवस्था असलेलं घ्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २०१८ पासून सायकल हेल्मेटची चाचणी घेऊन तारे देतात, तेही बघितलं. तिथे गुण जितके कमी तितकं हेल्मेट चांगलं. मी दोन संध्याकाळी यादी उलटी वाचत होते. शिवाय इथल्या दुकानांत मिळणारी बरीच मॉडेल्स त्या यादीत सापडली नाहीत.

वाचता वाचता हेही सापडलं की १९९१ मध्ये सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक स्वारांवर हेल्मेटसक्ती आणायचा प्रयत्न केला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत स्वारांनी चक्क संप केला आणि नियम मागे घ्यावा लागला. २००३ मध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला आणि गेला. त्यानंतर सक्ती आली ती कायमची. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे पुणेकर तिकडेही आहेत."

१ सप्टेंबरला, दोन आठवडे संपले त्या रविवारी, शिवणाची टेप घेतली. भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. तीनदा मोजलं: साडेछप्पन सेंटिमीटर. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर धरली तरी चालतं. एका कंपनीचा एस ५१ ते ५६, दुसरीचा एम ५५ ते ५९. मी एम, असं ठरवून मोकळी झाले. इथेच फसले.

२ सप्टेंबरला एक छान, तारांकित, मिप्सवालं हेल्मेट ऑनलाइन मागवलं, ६,४९९ रुपये. ६ तारखेला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी आलं. घातलं, मागची चकती फिरवून घट्ट केलं, आरशात बघितलं, खूश. मग ते डोक्यावर ठेवूनच मोदकांसाठी नारळ खवायला बसले. पाच मिनिटं ठीक. दहाव्या मिनिटाला दोन्ही कानशिलं चेपल्यासारखी वाटायला लागली. विसाव्या मिनिटाला डोकं दुखायला लागलं. काढून बघितलं तर कानशिलांवर लाल वळ, आणि कपाळासमोर मात्र बोट जाईल एवढी फट. घेर बरोबर होता, आकार चुकला होता. काही हेल्मेटं लांबट डोक्यांसाठी घडवलेली असतात आणि माझं डोकं गोल. घेर तोच असला तरी लांबट साच्यात गोल डोकं बाजूंनी चेपतं आणि पुढेमागे हलतं. एल मागवलं असतं तर कानशिलं सुटली असती, पण आख्खं हेल्मेट डुगडुगलं असतं.

परत करण्याची कहाणी. कारणांच्या यादीत 'डोक्याचा आकार' नव्हताच. 'साइज बरोबर नाही' निवडलं, तर 'मोठी साइज पाठवू का' असं विचारलं गेलं. दोनदा नाही म्हटल्यावर १० तारखेला माणूस येणार असं ठरलं. गणपतीत आमच्या भागातले रस्ते बंद. १० ला कोणी आलं नाही, १२ ला 'ग्राहक घरी नव्हते' असा संदेश आला (आम्ही सगळे आरतीला घरातच), शेवटी विसर्जन झाल्यावर १९ ला नेलं. पैसे २७ ला खात्यात आले. माझ्या हातून एकच शहाणपणा झाला होता: स्टिकर, टॅग, पिशवी काहीही काढलं नव्हतं आणि खोक्यासकट सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. नेणाऱ्या मुलाने टॅगच पहिल्यांदा बघितला.

तोवर पितृपक्ष लागला होता. सासूबाई एरवी फार काही मानत नाहीत, पण या वेळी म्हणाल्या, "डोक्याची वस्तू आहे, सर्वपित्री होऊ दे." खरं तर मलाही आता घाई नको होती. आमची तडजोड झाली की बघायचं आत्ता, घ्यायचं घटस्थापनेला.

२९ सप्टेंबरला कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका जुन्या सायकलच्या दुकानात गेले. मालक सत्तरीचे. मी मिप्स, तारे, मानकं वगैरे सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॉगल आणलाय? रुमाल? आणि केस असेच बांधता का सायकलवर?" मी अंबाडा घालून गेले होते. सायकल चालवताना मी घालते वेणी. "मग वेणी घाला आणि या." मी तिथेच, दुकानातल्या आरशासमोर, वेणी घातली.

त्यांनी सात हेल्मेटं काढली. पट्टा न लावता प्रत्येक घालायचं, चकती नुसती टेकेल इतकी फिरवायची, मग वाकून मान डावी-उजवीकडे हलवायची. जे घसरेल ते बाजूला. चार तिथेच गेली. उरलेल्या तिनांतलं एक पुन्हा कानशिलाला लागलं. दुसरं बसलं, पण गॉगलच्या काड्या मागच्या पकडीवर आपटत होत्या आणि गॉगल नाकावरून उचलला जात होता. तिसरं, ईएन १०७८चा स्टिकर, मिप्स, वजन तीनशे ग्रॅमच्या जवळ, त्यात पाळण्यासारखी मागची पकड वरखाली करता येत होती, आणि वेणी तिच्या खालून सरळ बाहेर येत होती. लांब केस असतील तर हे नक्की बघा. उंच पोनीटेल आणि अंबाडा हेल्मेटला मागून पुढे ढकलतात.

"आता पंधरा मिनिटं घालून बसा," काका म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंक्चरकडे वळले. मी स्टुलावर हेल्मेट घालून बसले. दुकानात आलेल्या एका लहान मुलाने आईला विचारलं, "ही काकू दुकानात का पडणार आहे?" पंधरा मिनिटांनी काढलं. वळ कुठे एकाच जागी नव्हता, कपाळभर सारखी फिकट रेघ होती. हेच हवं असतं.

पट्टे त्यांनीच लावून दिले आणि मला पाठ करायला लावले. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, म्हणजे नजर वर केली की कड जेमतेम दिसली पाहिजे. (फोटोंमध्ये कितीतरी जण हेल्मेट मागे सरकवून घालतात; समोरून आपटलं तर कपाळ उघडंच.) बाजूचे दोन पट्टे कानाच्या पाळीखाली जुळले पाहिजेत. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच ढिलं. मग जांभई देतो तसा मोठा आ करायचा, हेल्मेट खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर.

रंग दोनच होते, काळा आणि झगझगीत पिवळा. मला काळा आवडतो. काका काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही घेऊन दुकानाबाहेर, समोरच्या झाडाच्या सावलीत ठेवून आले. काळं दिसेनासं झालं.

किंमत ४,८००. मी आठ-दहा हजारांचीही बघितली होती. मानक पुरं करणाऱ्या हेल्मेटमध्ये जास्त पैसे मोजल्यावर मुख्यतः वजन कमी होतं, वारा जास्त खेळतो आणि दिसायला बरं असतं. माझ्या वेगाला वाऱ्याचा रोध वाचवणारं गुळगुळीत, कमी भोकांचं हेल्मेट म्हणजे उन्हाळ्यात कुकरच. पिवळं बाजूला ठेवायला सांगून पाचशे रुपये आगाऊ दिले. ३ ऑक्टोबरला घटस्थापना झाली आणि संध्याकाळी उरलेले देऊन आणलं. काकांनी हिशेब ४,५०० वर आणला. बिलावर मॉडेल आणि तारीख लिहून घेतली. हेल्मेट किती जुनं आहे ते पाच वर्षांनी आठवत नाही, म्हणून बिलाचा फोटो आणि आतल्या स्टिकरवरची उत्पादनाची तारीख फोनमध्ये ठेवली आहे.

६ ऑक्टोबरला जुनं हेल्मेट टाकायला काढलं. कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "ताई, चांगलं आहे की. पोराला देते, शाळेत सायकलवर जातो." मी स्पंज काढून चीर दाखवली. त्यांनी नखाने चाचपली आणि म्हणाल्या, "एवढीशी तर आहे." मलाही ऑगस्टमध्ये हेच वाटलं होतं. डोक्याचा आकार, थर्माकोल, सगळं समजावलं आणि त्यांच्यासमोर कात्रीने दोन्ही पट्टे कापले, म्हणजे पुढे कोणाच्या डोक्यावर जायला नको. त्यांचा चेहरा पडला. मला फार कानकोंडं झालं. मग म्हटलं, त्याच्या डोक्याचं माप आणा, बघू या. कसं घ्यायचं ते दाखवलं.

२० ऑक्टोबर, पहाटे पाच. तपासणीच्या रांगेत स्वयंसेवकाने दोन्ही दिवे लावायला सांगितले, जाकीट बघितलं, मग माझ्या हनुवटीखाली एक बोट घालून पट्टा ओढला आणि पुढे जायची खूण केली. नऊ आठवड्यांचं काम तीन सेकंदांत तपासून झालं. साताऱ्याच्या दिशेने जाताना दहानंतर ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि घाम थेट डोळ्यांत उतरायला लागला. काकांनी सांगितलेला सुती रुमाल तेव्हा कामाला आला: पातळ पट्टी करून कपाळावर, हेल्मेटच्या खाली. जाड टोपी नको, मग माप बदलतं. एकदा एक गांधीलमाशी भोकातून आत शिरली. उतारावर होते, आधी थांबले, मग काढली. पुढच्या भोकांना जाळी असलेली हेल्मेटंही मिळतात, हे मला उशिरा कळलं. वेळेत परत आले. कानशिलांकडे दिवसभर लक्षच गेलं नव्हतं, हे हेल्मेट काढताना कळलं.

घरी आल्यावर आतले स्पंज काढून गार पाण्यात शांपूच्या दोन थेंबांनी धुतले आणि सावलीत वाळवले. गरम पाणी, थिनर, स्पिरिट यांपासून आणि बंद गाडीच्या काचेमागच्या उन्हापासून हेल्मेट लांब ठेवायचं.

मंगळवारी मावशी आल्या. कचऱ्याच्या बादलीआधी त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सुतळीचा एक तुकडा काढला, दोन गाठी मारलेला. टेपवर धरला. त्रेपन्नला जरा कमी.

"एक साइज मोठंच घ्या ताई, वाढतं डोकं आहे."

"गणवेश आहे का तो, मावशी? मोठं घेतलं तर डुगडुगेल. मागे चकती असते, दोन-तीन वर्षं निघतात त्यात."

"बरं. पैसे बोनस झाला की देईन, तसंच नको." त्या बादली उचलून निघाल्या, जिन्यात थांबल्या, आणि माझ्या दाराजवळच्या खुंटीकडे बघत म्हणाल्या, "पण असलं पिवळंधमक नको हं. पोरं हसतात."